सौरज्वालेच्या अतिनील रेषा

सौरज्वाला म्हणजे सूर्याच्या वातावरणातील चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होणे. मोठ्या ज्वालेत सुटणारी ऊर्जा एकावर पंचवीस शून्ये इतक्या ज्यूलच्या घरात जाते. तरीही डोळ्यांना दिसणाऱ्या सूर्यप्रकाशात तिच्यामुळे पडणारा फरक अगदी किरकोळ असतो. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन आणि रिचर्ड हॉजसन यांनी एकमेकांच्या नकळत सूर्यावरील डागांच्या एका गटावर पांढरा लखलखाट पाहिला. ज्वालेची ती पहिली नोंद. पण असा लखलखाट साध्या दुर्बिणीत दिसणे हा अपवादच, कारण खालचा दीप्तिगोल, म्हणजे सूर्याचा डोळ्यांना दिसणारा पृष्ठभाग, मुळात इतका प्रखर असतो की त्याच्यापुढे वरच्या विरळ वातावरणातील घडामोडी लोपून जातात. अतिनील प्रकाशात उलटे होते. तेथे दीप्तिगोलाचा उजेड मंदावतो आणि ज्वाला पेटताच काही वर्णरेषा दहापट, कधी शेकडोपट उजळतात. त्या नुसत्या उजळत नाहीत, आपल्या जागेवरून सरकतात, रुंदावतात, त्यांचा आकारही बदलतो. ज्वालेच्या भौतिकीचा बराचसा उलगडा या बदलांतूनच झाला आहे.

वर्णरेषा अणूतील इलेक्ट्रॉनमुळे उमटते. इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर आला की दोहोंतील फरकाइतकी ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडते, आणि त्या प्रकाशाची तरंगलांबी ठरलेली असते. वायू तापत गेला की अणू एकमेकांवर आणि इलेक्ट्रॉनांवर जोरात आदळू लागतात आणि अणूंचे इलेक्ट्रॉन एकामागून एक निसटतात. किती इलेक्ट्रॉन निसटले यावर त्या अणूच्या रेषा कोठे पडणार हे अवलंबून असते. तापमान आणि आयनीभवन (अणूंतून इलेक्ट्रॉन निसटणे) यांचे हे नाते मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये समीकरणात मांडले. सूर्याच्या वातावरणाचा सर्वांत बाहेरचा थर असलेल्या किरीटासारख्या अतिविरळ वायूत ते समीकरण जसेच्या तसे चालत नाही, तेथील हिशेब वेगळा मांडावा लागतो. मूळ कल्पना मात्र तीच राहते, रेषा ओळखली की ती सोडणाऱ्या वायूचे तापमान कळते.

सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५८०० केल्व्हिन आहे. त्याच्या वरच्या वर्णगोलात ते १० हजारांच्या आसपास जाते, मग संक्रमण स्तर नावाच्या पातळ पापुद्र्यात झपाट्याने चढते आणि किरीटात १० ते २० लाखांवर पोहोचते. या प्रत्येक मजल्याची आपापली अतिनील रेषा आहे. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या मॅग्नेशियमच्या २७९६ आणि २८०३ अँगस्ट्रॉमवरच्या जोडरेषा वर्णगोलाच्या. (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग, डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४००० ते ७००० अँगस्ट्रॉमचा असतो.) एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनच्या १३३४ आणि १३३५ वरच्या रेषा त्याच्या थोड्या वरच्या थरातल्या. तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या सिलिकॉनच्या १३९४ आणि १४०३ वरच्या रेषा सुमारे ८० हजार केल्व्हिनच्या, म्हणजे संक्रमण स्तराच्या. ज्वालेच्या अभ्यासात सर्वांत मोलाची ठरलेली रेषा १३५४.०८ अँगस्ट्रॉमवर आहे. लोहाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी २० निसटलेले लोह ती सोडते. त्यासाठी सुमारे १ कोटी १० लाख केल्व्हिन तापमान लागते आणि एरवीच्या किरीटातही ते नसते. म्हणून शांत सूर्याच्या वर्णपटात ही रेषा जवळजवळ नसतेच. ती दिसली की तेथे ज्वाला आहे किंवा नुकतीच होऊन गेली आहे असे समजावे.

हा प्रकाश जमिनीवर पोहोचत नाही. सुमारे २९०० अँगस्ट्रॉमखालचा अतिनील प्रकाश ओझोन अडवतो आणि त्याहून लहान लांबीचा प्रकाश हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून घेतात. वातावरणाच्या वर जाऊन सूर्याचा वर्णपट घ्यावा, अशी सूचना साहांनी १९३७ मध्येच केली होती. ती प्रत्यक्षात यायला युद्धातून उरलेले एक अस्त्र कामी आले. १० ऑक्टोबर १९४६ रोजी अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोमधील व्हाइट सँड्स येथून जर्मन बनावटीचे व्ही-२ रॉकेट सोडले गेले आणि त्यावर रिचर्ड टाऊझी यांच्या गटाने बसवलेल्या उपकरणाने ओझोनच्या थरापलीकडचा सूर्याचा पहिला अतिनील वर्णपट टिपला. १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावरील वेधयंत्रांनी ज्वालांचे वर्णपट फिल्मवर घेतले. १३५४ ची लोहरेषा १९७५ मध्ये ओळखली गेली ती याच फिल्मवरून. १९८० चा सोलर मॅक्सिमम मिशन, १९९५ चा सोहो, २००६ चा जपानी हिनोदे अशी ही मालिका पुढे सरकली. या विषयाला खरे वळण दिले ते नासाच्या आयरिस या लहानशा उपग्रहाने. तो २७ जून २०१३ रोजी सुटला. त्याच्या वर्णपटलेखकाची फट सूर्यावरची जेमतेम २४० किलोमीटर रुंदीची पट्टी पाहते आणि काही सेकंदांच्या अंतराने वर्णपट घेऊ शकते. आधीच्या यंत्रांना ज्वालेच्या पायथ्याचा एकेक ठिपका वेगळा करता येत नव्हता, तो आयरिसला करता आला.

रेषांचे वागणे समजायचे तर ज्वालेत काय घडते त्याचा सध्या सर्वमान्य असलेला आराखडा डोळ्यासमोर हवा. डागांच्या गटावर किरीटात चुंबकीय रेषांच्या कमानी उभ्या असतात. खालच्या हालचालींनी त्या पिळवटतात. कधीतरी विरुद्ध दिशेच्या चुंबकीय रेषा जवळ येऊन तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात. या पुनर्जोडणीत मोकळी झालेली ऊर्जा इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देते. ते कमानीच्या दोन्ही पायांवरून खाली धावतात आणि दाट वर्णगोलात आदळून थांबतात. तेथे तीव्र क्ष-किरण उठतात आणि वर्णगोलाचा तो ठिपका क्षणात कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो. असे अनेक पाय एका रांगेत पेटतात तेव्हा सूर्यबिंबावर दोन लांब झळाळते पट्टे दिसतात. तापलेला वायू खाली मावत नाही. तो कमानीतून वर उसळतो आणि ती भरून टाकतो. याला वर्णगोलाचे बाष्पीभवन म्हणायची प्रथा पडली आहे, जरी येथे द्रवाचा संबंध नाही.

पहिला परिणाम उजळण्याचा. सोलर मॅक्सिमम मिशनच्या निरीक्षणांत संक्रमण स्तरातील ऑक्सिजनची १३७१ अँगस्ट्रॉमची रेषा आणि तीव्र क्ष-किरण सेकंदाच्या आसपासच्या फरकाने एकत्र चढता-उतरताना दिसले. पायथ्याला इलेक्ट्रॉनांचा मारा होतो या कल्पनेला त्यातून भक्कम आधार मिळाला. उष्ण लोहाची रेषा मात्र मागून येते. कमान भरायला वेळ लागतो आणि मारा चालू असेपर्यंत ती भरतच राहते. तीव्र क्ष-किरणांची बेरीज जशी वाढत जाते तसे उष्ण प्लाझ्माचे, म्हणजे आयनीभूत वायूचे, उत्सर्जन वाढते, हे वर्नर न्यूपर्ट यांनी १९६८ मध्ये दाखवले होते आणि ते नाते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

उजळण्याने कोठे आणि केव्हा हे कळते. काय हलले हे रेषेच्या सरकण्यातून कळते. प्रकाश सोडणारा वायू निरीक्षकाकडे येत असेल तर रेषा निळ्या टोकाकडे, म्हणजे लहान तरंगलांबीकडे सरकते. दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. हा डॉप्लर परिणाम. १३५४ च्या लोहरेषेसाठी एक अँगस्ट्रॉमचे सरकणे म्हणजे सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर वेग. मात्र ही मोजणी दिसते तितकी सरळ नाही. उपग्रहावर तुलनेसाठी दिवा नसतो, म्हणून शांतपणे जागच्या जागी राहणाऱ्या एखाद्या उदासीन अणूची रेषा शून्य धरावी लागते. आयरिससाठी ऑक्सिजनची १३५५.६ वरची रेषा ते काम करते. शिवाय मिळतो तो फक्त दृष्टिरेषेतील वेग. ज्वाला सूर्यबिंबाच्या कडेला असेल तर सरळ वर उसळणारा वायूही जवळजवळ स्थिर भासतो.

१० सप्टेंबर २०१४ रोजी झालेल्या एक्स १.६ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत प्रबळ गटातल्या, ज्वालेत हे सारे फार स्वच्छ दिसले. आयरिसची फट त्या वेळी एका जागी रोखलेली होती आणि दर ९.४ सेकंदांनी वर्णपट घेत होती. ज्वालेचा पट्टा पुढे सरकत सरकत फटीखालून गेला, त्यामुळे एकामागून एक पेटणारे अनेक ठिपके एकाच यंत्राला सापडले. डेव्हिड ग्रॅहम आणि जियाना काउझी यांनी प्रत्येक ठिपका पेटल्याचा क्षण शून्य धरून सगळ्यांचे आलेख एकमेकांवर ठेवले. लोहरेषा सुरुवातीला सेकंदाला ३०० किलोमीटरपर्यंतचा वर येणारा वेग दाखवत होती आणि सुमारे १० मिनिटांत मूळ जागी परतत होती. त्याच ठिपक्यावर मॅग्नेशियमची रेषा तांबड्याकडे झुकली होती. तिच्या बाजूला एक वेगळा उंचवटा उभा राहिला होता, सेकंदाला ४० किलोमीटरपर्यंत वेगाने खाली जाणाऱ्या वायूचा, आणि तो मिनिटभरात मावळत होता. एकाच जागी, एकाच वेळी, उष्ण लोह वर जाते आणि थंड मॅग्नेशियम खाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेगवेगळे ठिपके जवळपास सारखेच वागले. वरवर गोंधळाची वाटणारी मोठी ज्वाला ही एकाच साध्या घटनेची ओळीने झालेली पुनरावृत्ती असू शकते, हे यातून दिसले. गेल्या काही दशकांतील ज्वालांच्या निरीक्षणांत याच्या तोडीची थोडकीच सापडतील.

वर आणि खाली असे दोन प्रवाह का, याचे उत्तर दाबात आहे. वर्णगोलातील एखादा थर इतक्या झटक्यात तापला की त्याला प्रकाश सोडून थंड व्हायला सवड मिळाली नाही, तर तेथील दाब शेजारच्या थरांपेक्षा कितीतरी पटींनी वाढतो. वायू वरच्या विरळ बाजूला वेगाने पसरतो आणि खालच्या दाट बाजूला रेटतो. खाली वस्तुमान जास्त असल्याने तेथला वेग कमी असतो. १९८० च्या दशकात सोलर मॅक्सिमम मिशनचे क्ष-किरण वर्णपट आणि जमिनीवरून घेतलेले हायड्रोजनच्या तांबड्या रेषेचे वेध एकत्र मांडले गेले, तेव्हा वर जाणाऱ्या आणि खाली दबणाऱ्या वायूचा संवेग मोजमापातील चुकीच्या मर्यादेत सारखाच भरला. न्यूटनचा तिसरा नियम येथेही सुटत नाही.

इलेक्ट्रॉनांचा मारा सौम्य असेल तर वायू असा स्फोटासारखा उसळत नाही. जॉर्ज फिशर, रिचर्ड कॅनफिल्ड आणि अलेक्झांडर मॅक्लायमंट यांनी १९८५ मध्ये केलेल्या गणितानुसार ही सीमा दर चौरस मीटरला सुमारे १ कोटी वॅटच्या आसपास पडते. सूर्याच्या पृष्ठभागातून एरवी बाहेर पडणारी ऊर्जा दर चौरस मीटरला ६ कोटी ३० लाख वॅट असते, म्हणजे सीमेवरचा मारा त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका. फरक इतकाच की तो दीप्तिगोलापेक्षा कितीतरी विरळ थरात जिरतो. या सीमेखाली वर्णगोल हळूहळू तापतो आणि थंड-उष्ण सगळ्याच रेषा थोड्या निळ्याकडे सरकतात. सीमा ओलांडली की उष्ण रेषा निळ्याकडे आणि थंड रेषा तांबड्याकडे, अशी फाटाफूट होते. रेषांची दिशा पाहून माऱ्याची तीव्रता ताडता येते ती यामुळे.

आता ही फाटाफूट नेमक्या कोणत्या तापमानाला व्हावी? गणिताप्रमाणे तांबड्याकडचे सरकणे वर्णगोल आणि संक्रमण स्तर यांच्यापुरते असायला हवे होते. १४ डिसेंबर २००७ रोजी हिनोदेने एका लहान, सी १.१ वर्गाच्या ज्वालेच्या पायथ्याचा वर्णपट घेतला. रायन मिलिगन आणि ब्रायन डेनिस यांनी त्यातील लोहाच्या निरनिराळ्या आयनांचे वेग मोजले. सुमारे २० लाख केल्व्हिनच्या वरच्या सर्व रेषा वर येत होत्या आणि तापमानाबरोबर वेग चढत जाऊन सेकंदाला सुमारे २५० किलोमीटरपर्यंत पोहोचत होता. पण ५ लाखांपासून १५ लाखांपर्यंतच्या रेषा खाली जाताना दिसल्या. म्हणजे किरीटाइतका तापलेला वायूही खाली ढकलला जात होता. मारा फक्त वर्णगोलात जिरतो असे मानून हे सहज जमत नाही.

उष्ण रेषांबाबत दुसरे एक जुने कोडे होते. आधीच्या उपग्रहांना संपूर्ण ज्वालेचा एकत्रित क्ष-किरण वर्णपट मिळे. त्यात अगदी सुरुवातीपासून रेषेचा मोठा भाग जागेवरच दिसे आणि निळ्या बाजूला फक्त एक फिकट शेपटी असे. बाष्पीभवन खरे असेल तर सुरुवातीला सगळीच रेषा सरकलेली हवी, हा आक्षेप वाजवी होता. काहींनी उत्तर सुचवले की कमान एकच नसून शेकडो धाग्यांची जुडी आहे; आधी भरलेल्या धाग्यांतला स्थिर वायू नव्या उसळीला झाकून टाकतो. आयरिसने पायथा वेगळा करून पाहिला तेव्हा १३५४ ची रेषा तेथे पूर्णपणे सरकलेली निघाली, जागेवर काही उरले नव्हते. कोडे सूर्याचे नव्हते, यंत्राच्या अपुऱ्या नजरेचे होते.

आयरिसच्या तीक्ष्ण नजरेने नवे कोडेही पुढे ठेवले. १ कोटी १० लाख केल्व्हिन तापमानाला लोहाचे अणू ज्या वेगाने इकडेतिकडे धावतात त्यामुळे १३५४ च्या रेषेची रुंदी सुमारे ०.४४ अँगस्ट्रॉम असायला हवी. ज्वालेच्या आरंभी पायथ्यावर ती याहून बरीच जास्त भरते; उष्णतेने न उलगडणारा हा भाग कधी सेकंदाला १०० किलोमीटरच्या घरात जातो आणि वायू स्थिरावत गेला की कमी होतो. एकाच ठिपक्यात वेगवेगळ्या वेगांचे अनेक धागे मिसळले आहेत असे म्हणावे, तर रेषा एका बाजूला कललेली दिसली पाहिजे. प्रत्यक्षात ती रुंद असूनही बरीचशी समतोल असते. संगणकावर धाग्यांची अनेक प्रकारे जुळवाजुळव करूनही तो समतोल साधलेला नाही. खळबळ हे उत्तर दिले जाते. ती असेलही, पण कशाने उठते हे सांगितल्याशिवाय खळबळ म्हणजे आपल्या अज्ञानाला दिलेले नाव ठरते.

मॅग्नेशियमच्या जोडरेषा सर्वांत तेजस्वी आणि वाचायला सर्वांत अवघड. लोहरेषेचा प्रकाश निघाला की थेट बाहेर पडतो. मॅग्नेशियमच्या प्रकाशकणाला मात्र जत्रेच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसासारखे पावलोपावली अडावे लागते. एक अणू त्याला शोषतो, पुन्हा सोडतो, दुसरा शोषतो. रेषेच्या मध्यावर ही अडवणूक सर्वाधिक असते, म्हणून तेथील प्रकाश फक्त वर्णगोलाच्या अगदी वरच्या, विरळ थरातून निसटतो, तर बाजूंचा प्रकाश खालून येतो. वरच्या थरात अणूंच्या टकरी इतक्या कमी असतात की तापमान जास्त असूनही रेषेत उजेड भरत नाही. परिणामी शांत सूर्यावर रेषेला दोन शिखरे आणि मध्ये खळगा दिसतो. ज्वालेत वरचा थर दाट होतो, टकरी वाढतात आणि खळगा भरून एकच शिखर उरते. रेषेचे पंख, म्हणजे तिच्या दोन्ही बाजू, पसरतात. २७९१ आणि २७९८ च्या आसपास याच आयनाच्या दुय्यम रेषा आहेत. एरवी त्या काळ्या, म्हणजे शोषणरेषा असतात. पायथा तापला की त्या उजळून उठतात, आणि त्यावरून उष्णता वर्णगोलात बरीच खोलवर पोहोचली हे कळते.

पट्ट्याच्या अगदी पुढच्या कडेला मॅग्नेशियम निराळेच वागते. तेथे खळगा भरण्याऐवजी उलट खोल होतो, निळ्याकडे सरकतो आणि रेषा फार रुंद होते. हा प्रकार थोडा वेळ टिकतो, मग तो ठिपका नेहमीसारखा उजळतो. हजारो वर्णपट डोळ्यांनी चाळणे अशक्य असल्याने २०१८ मध्ये संशोधकांनी ते संगणकाला आपोआप गटांत वाटायला लावले, आणि हा विशिष्ट आकार वेगवेगळ्या ज्वालांत पुढच्या कडेलाच पुन्हा पुन्हा सापडला. मुख्य मारा पोहोचण्याआधी तेथे ऊर्जा कोणत्या वाटेने येते, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. रुंदीचा हिशेबही अपुराच आहे. मॅग्नेशियमच्या रेषा संगणकावरील प्रतिकृतींमध्ये नेहमी अरुंद निघतात. २०१९ मधील एका अभ्यासात निरीक्षणाशी जुळवून घेण्यासाठी भारित कणांमुळे होणारे रुंदीकरण मुद्दाम ३० पट वाढवावे लागले. असे गणित जुळले म्हणता येते, समजले म्हणता येत नाही.

सिलिकॉनच्या जोडीत आणखी एक सोय आहे. तिचा प्रकाश अडथळ्याविना बाहेर येत असेल तर १३९४ ची रेषा १४०३ च्या रेषेच्या बरोबर दुप्पट तेजस्वी असते. ज्वालेच्या पट्ट्यांवर हे प्रमाण दोनपासून ढळते, म्हणजे एरवी पारदर्शक असणारा संक्रमण स्तर तेथे इतका दाटतो की स्वतःचाच प्रकाश अडवू लागतो. ऑक्सिजनच्या १४०० च्या आसपासच्या कमजोर रेषांच्या गुणोत्तरावरून घनता काढायची नेहमीची पद्धत येथे तोकडी पडते. घनता त्या पद्धतीच्या कमाल मर्यादेपर्यंत किंवा पलीकडे गेलेली असते. सिलिकॉनच्या रेषेत कधी ठोकाही सापडतो. १८ एप्रिल २०१४ च्या ज्वालेत पट्ट्याचा एक भाग करवतीच्या दात्यांसारखा पुढेमागे होत होता आणि त्याच्याबरोबर रेषा सुमारे १४० सेकंदांच्या आवर्तनाने निळी-तांबडी होत होती. सिलिकॉनच्या झगमगाटाने आणखी एक अनपेक्षित गोष्ट उजेडात येते. सूर्याच्या सर्वांत थंड थरात, चार हजारांहून थोड्या जास्त केल्व्हिनला, हायड्रोजनचे रेणू तग धरून असतात. वरून पडणारा सिलिकॉनचा अतिनील प्रकाश शोषून ते १३३३.८ अँगस्ट्रॉमला स्वतः चमकतात. कोटी अंशांच्या घटनेत रेणूंची रेषा दिसावी, ही या वर्णपटातील सर्वांत मजेदार नोंद.

मारा थांबला की कमानी निवू लागतात आणि रेषा उलट्या क्रमाने उजळतात. आधी २३ इलेक्ट्रॉन गमावलेले लोह शिखर गाठते, मग २०, मग १७, मग १५. कोणती रेषा कितव्या मिनिटाला शिखरावर आली हे मांडले की निवण्याचा आलेख हाती येतो. काही ज्वालांत १५ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची ३३५ अँगस्ट्रॉमची रेषा एकदा उजळून ओसरते आणि कधी तासाभराने, कधी त्याहून उशिरा, दुसऱ्यांदा चढते. या वेळी क्ष-किरणांत मात्र काहीच हालचाल नसते. २०१० मध्ये सोडलेल्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीने ही उशिराची लाट लक्षात आणून दिली. ती मूळ कमानींपेक्षा लांब, वेगळ्या कमानींतून येते. ज्वाला संपली हे केवळ क्ष-किरणांवरून ठरवले तर हा भाग निसटतो.

पृथ्वीला या रेषांशी थेट देणेघेणे आहे. ज्वालांचे सी, एम, एक्स हे वर्ग क्ष-किरणांवरून ठरतात आणि रेडिओ संपर्क अचानक तुटण्यामागे मुख्यतः क्ष-किरणच असतात. परंतु आयनांबराच्या वरच्या थरांना आणि अतिउच्च वातावरणाला तापवतो तो अतितीव्र अतिनील प्रकाश. वातावरण फुगते आणि कमी उंचीवरच्या उपग्रहांना होणारा अडथळा वाढतो. हायड्रोजनची १२१६ अँगस्ट्रॉमची लायमन-आल्फा रेषा ही सूर्याच्या अतिनील वर्णपटातील सर्वांत प्रबळ रेषा. संपूर्ण सूर्याचा हिशेब केला तर मोठ्या ज्वालेतही ती बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या आतच वाढते, कारण शांत सूर्यही तिच्यात भरपूर तळपत असतो. टक्के कमी दिसले तरी मूळ रक्कम मोठी असल्याने या एका रेषेतून बाहेर पडणारी ऊर्जा थोडी नसते.

या कामात आता पुण्याचाही वाटा आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटलेले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी सूर्य-पृथ्वी यांच्यामधील एल-१ बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावलेले इस्रोचे आदित्य-एल१ हे यान सूट नावाची अतिनील दुर्बीण घेऊन गेले आहे. पुण्याच्या आयुका संस्थेने इस्रोच्या साथीने ती घडवली. २००० ते ४००० अँगस्ट्रॉमच्या पट्ट्यात ११ गाळण्यांमधून ती संपूर्ण सूर्यबिंबाची छायाचित्रे घेते; त्यांत मॅग्नेशियमच्या दोन्ही रेषांसाठी वेगवेगळ्या गाळण्या आहेत. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे २३ च्या पहाटे, झालेल्या एक्स ६.३ वर्गाच्या ज्वालेचा खालच्या वातावरणातील झळाळता गाभा तिने टिपला, आणि तेथले उजळणे किरीटातील प्लाझ्माच्या तापण्याशी जुळत असल्याचे दिसले. सूट वर्णपट घेत नाही. गाळणीतून रेषेचा सगळा उजेड एकत्र येतो. खळगा भरला की पंख पसरले, हे तिला वेगळे सांगता येत नाही. आयरिसची अडचण नेमकी उलटी आहे. त्याच्या फटीखाली येईल तेवढ्याचा तपशील त्याला मिळतो, शेजारी काय चालले आहे ते वर्णपटात येत नाही. ज्वाला कोठे पेटणार हे आधी ठाऊक नसल्याने फट योग्य जागी असणे हा बराचसा नशिबाचा भाग. १० सप्टेंबर २०१४ सारखे दिवस त्यामुळेच मोजके.

या अडचणीवर उपाय म्हणून नासाने म्यूज ही मोहीम आखली आहे. तिच्या वर्णपटलेखकाला एकाऐवजी ३५ समांतर फटी असतील आणि तो लोहाच्या १०८, १७१ आणि २८४ अँगस्ट्रॉमच्या रेषा पाहील. त्यांतील १०८ ची रेषा ज्वालेच्या उष्णतेला, सुमारे १ कोटी केल्व्हिनला, उमटते.